स्क्रीन रीडरवर ईमेल: काय ऐकायचं, काय सोडायचं

ईमेलचा प्रोग्राम उघडला की डोळस माणसाला सगळं एकदम दिसतं. डावीकडे फोल्डर, मधे मेलची यादी, न वाचलेले मेल ठळक अक्षरांत, खाली किंवा बाजूला उघडलेल्या मेलचा मजकूर. नजर कुठे न्यायची हे ठरवावंही लागत नाही. अंध माणूस स्क्रीन रीडर वापरतो तेव्हा हीच खिडकी त्याच्यापर्यंत शब्दांच्या एका रांगेतून येते. एका क्षणी एकच गोष्ट ऐकू येते. पुढची हवी असेल तर कळ दाबून मागावी लागते. म्हणून इथलं खरं कसब ऐकण्यापेक्षा सोडून देण्यात आहे. कोणतं वाक्य अर्ध्यावर तोडायचं, कोणता भाग न ऐकताच ओलांडायचा, हे ज्याला जमलं त्याला ढीगभर मेलही जड जात नाहीत. मी स्वतः पडदा न बघता काम करते आणि नव्याने अंधत्व आलेल्यांना संगणक शिकवते. बहुतेक जण अडतात ते याच ठिकाणी.

आधी स्क्रीन रीडर नक्की करतो काय ते. एरवी तो पडद्याचा फोटो काढून वाचत नाही. प्रत्येक प्रोग्रामने आपल्या खिडकीतल्या गोष्टींची माहिती ठरावीक पद्धतीने पुरवायची असते: ही वस्तू कोणती (बटण, यादी की लिहायची चौकट), तिचं नाव काय, आणि सध्या ती कोणत्या अवस्थेत आहे (निवडलेली, उघडलेली, बंद). स्क्रीन रीडर ही माहिती विचारून घेतो आणि आवाजात किंवा ब्रेल डिस्प्लेवर (मजकूर बोटाखाली ब्रेलच्या ठिपक्यांत उमटवणारं उपकरण) आपल्याला देतो. प्रोग्राम बनवणाऱ्याने बटणावर छानसं चित्र काढलं पण त्याला नाव दिलं नाही, तर आपल्याला नुसतं ‘बटण’ एवढंच ऐकू येतं. ते पाठवायचं आहे की पुसायचं, कळायला मार्ग नाही. त्यामुळे एखादा ईमेल प्रोग्राम अंध माणसाला सोपा जातो की अवघड, हे अर्ध्याहून अधिक त्या प्रोग्रामच्या निर्मात्यांच्या हातात असतं. शिकणाऱ्याला हे पहिल्याच दिवशी सांगायला हवं, नाहीतर तो प्रत्येक अडचणीचा दोष स्वतःकडे घेतो.

विंडोजवर दोन स्क्रीन रीडर जास्त वापरले जातात. जॉज हा डॉसच्या काळापासूनचा आणि विकत घ्यायचा. एनव्हीडीए मोफत आहे. मायकेल करन या ऑस्ट्रेलियातल्या अंध तरुणाने २००६ मध्ये तो लिहायला घेतला. याशिवाय विंडोजमध्ये नॅरेटर, मॅक आणि आयफोनमध्ये व्हॉइसओव्हर हे मुळातच असतात, बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये टॉकबॅक मिळतो आणि लिनक्सवर ऑर्का चालतो. खालची बहुतेक उदाहरणं एनव्हीडीए आणि थंडरबर्ड हा ईमेल प्रोग्राम या जोडीची आहेत, कारण दोन्हींना पैसे लागत नाहीत आणि दोन्हींचं कळफलकावरून चांगलं जमतं. दुसरी जोडी असली तर कळा बदलतील, विचार तोच राहील.

मी आत्ता कुठे आहे?

माउसला इथे जागा नाही. त्याच्याऐवजी असतो फोकस, म्हणजे खिडकीतली ती एक जागा जिथे तुमची पुढची कळ पोहोचणार आहे. डोळस माणसालाही फोकस असतोच, पण तो त्याच्याकडे फारसं लक्ष देत नाही. आम्हाला त्याच्यावरच सगळी भिस्त ठेवावी लागते. थंडरबर्डमध्ये एफ६ दाबलं की फोकस एका भागातून दुसऱ्यात जातो: फोल्डर, मेलची यादी, मेलचा मजकूर, पुन्हा फोल्डर. आउटलुकमध्येही एफ६ हेच काम करतं. शंका आली की एनव्हीडीए की आणि टॅब एकत्र दाबायचं. फोकस जिथे असेल तिथलं नाव ऐकू येतं. (एनव्हीडीए की म्हणजे इन्सर्ट, लॅपटॉपवर सोयीसाठी कॅप्स लॉकही ठेवता येते.) खिडकीचं नाव हवं असेल तर एनव्हीडीए की आणि टी.

फोकस कुठे आहे हे न तपासता टाइप करायला लागलं तर काय होतं, हे मी नवख्यांना मुद्दाम करून दाखवते. थंडरबर्डच्या यादीत एकेका अक्षरालाही काम नेमून दिलेलं आहे. एन दाबलं की पुढचा न वाचलेला मेल, ए दाबलं की मेल अर्काइव्हमध्ये, जे दाबलं की तो जंक, एम दाबलं की वाचलेला किंवा न वाचलेला. आता समजा तुम्हाला वाटतंय की आपण शोधायच्या चौकटीत आहोत, पण फोकस अजून यादीतच आहे. तुम्ही कुणाचं तरी नाव इंग्रजी अक्षरांत टाइप करता, आणि त्यातल्या प्रत्येक ए सरशी एकेक मेल इनबॉक्समधून नाहीसा होतो. पडदा बघणाऱ्याला यादी हलताना लगेच दिसली असती. कंट्रोल आणि झेडने हे उलटवता येतं, मेल कुठे हरवत नाहीत. पण कारण माहीत नसेल तर माणूस घाबरतो आणि प्रोग्रामवरचा विश्वास गमावतो. म्हणून सवय अशी लावायची: टाइप करण्याआधी स्क्रीन रीडरने ‘एडिट’ म्हटलेलं ऐकायचं, मगच बोटं चालवायची.

यादीतली एक ओळ

मेलच्या यादीत खाली जायचा ॲरो दाबला की एक ओळ वाचली जाते. ती कशी वाचली जाते यावर तुमचा अर्धा दिवस अवलंबून असतो, आणि तरीही बहुतेक जण ती आहे तशीच स्वीकारतात. टेबल व्ह्यूमध्ये पडद्यावर स्तंभ ज्या क्रमाने असतील साधारण त्याच क्रमाने ते ऐकू येतात. तारांकित आहे का, अटॅचमेंट आहे का, विषय, वाचला का, कुणाचा, जंक आहे का, तारीख, वेळ. विषयाची ओळ लांब असेल तर मेल कुणाचा हे कळायलाच वेळ जातो. हेच तीस मेलना गुणून बघा.

उपाय सोपा आहे. जे स्तंभ लागत नाहीत ते काढून टाकायचे. उरलेल्यांत पाठवणाऱ्याचं नाव सगळ्यात आधी, मग विषय, तारीख सगळ्यात शेवटी. आता ॲरो दाबला की दोन शब्दांत कळतं हा मेल आपल्याला हवा आहे की नाही, आणि नको असेल तर नाव पुरं व्हायच्या आत पुढचा ॲरो. स्क्रीन रीडर मधेच गप्प होतो आणि पुढची ओळ सुरू करतो. बाजूला बसलेल्याला हे तुटक, अर्धवट शब्दांचं गाणं वाटतं. आम्हाला त्यातून जे हवं ते मिळतं. आवाजाचा वेगही असाच हळूहळू वाढवायचा. सुरुवातीला नीट कळेल इतका, मग दर काही दिवसांनी थोडा पुढे. अनुभवी माणसाचा वेग नवख्याला ऐकवला तर त्याला शब्दही लागत नाहीत. कान तयार व्हायला वेळ लागतो, पण होतात.

मजकुराचा भाग यादीखाली कायम उघडा असेल तर तो एफ८ ने बंद करावा, असं माझं मत आहे. मग एफ६ ने फिरताना एक थांबा कमी होतो आणि ओळीवर एंटर दाबल्यावर मेल वेगळ्या टॅबमध्ये, स्वच्छ उघडतो. एस्केपने तो टॅब बंद होत नसेल तर कंट्रोल आणि डब्ल्यू.

एका विषयावरचे मेल गठ्ठ्याने दिसत असतील तर उजव्या ॲरोने गठ्ठा उघडतो, डाव्याने मिटतो, आणि स्क्रीन रीडर ‘एक्स्पांडेड’ किंवा ‘कोलॅप्स्ड’ असं सांगतो. काहींना हे आवडतं. सुरुवातीला ते बंद ठेवून साधी तारीखवार यादी घ्यावी. मेल कुठे दडला याची धास्ती राहत नाही.

मेल वाचताना

मेल उघडला की एनव्हीडीए तो वेब पानासारखा हाताळतो. या अवस्थेला ब्राउझ मोड म्हणतात. यात अक्षरं टाइप होत नाहीत, ती उड्या मारायला वापरली जातात. एच दाबलं की पुढचं हेडिंग, के दाबलं की पुढची लिंक, जी दाबलं की पुढचं चित्र, टी दाबलं की पुढचं टेबल. एन दाबलं की लिंकांच्या लांबलचक गर्दीपलीकडचा साधा मजकूर, आणि स्वल्पविरामाची कळ दाबली की चालू यादीच्या किंवा टेबलच्या बाहेर. एनव्हीडीए की आणि खालचा ॲरो दाबला की तिथून शेवटपर्यंत सलग वाचन सुरू. कंट्रोल दाबलं की थांबतं. या मोजक्या कळा हाताला बसल्या की जाहिरातींनी भरलेला मेलही झटक्यात पार होतो.

तसे मेल मुळात इतके त्रासदायक का असतात, याला एक तांत्रिक कारण आहे. २००७ पासून विंडोजवरचं जुनं आउटलुक मेल दाखवायला वर्डचं इंजिन वापरत आलं, आणि वेब पानं मांडायच्या नव्या पद्धती त्याला नीट कळत नाहीत. म्हणून मेल बनवणारे आजही टेबलात टेबल, त्यात आणखी टेबल असं करून मजकूर जागेवर बसवतात. ते टेबल फक्त मांडणीसाठी आहे अशी खूण कोडमध्ये करता येते. खूण असेल तर स्क्रीन रीडर गप्प बसतो. नसेल तर तो अंदाज बांधतो, आणि अंदाज चुकला की तीन शब्दांच्या निरोपासाठी ‘टेबल, ओळ एक, स्तंभ एक’ असं पुन्हा पुन्हा ऐकावं लागतं. चित्रांचंही तसंच. चित्राला पर्यायी मजकूर दिलेला नसला की काही वेळा त्याच्या फाइलचं आकड्यांनी भरलेलं नाव वाचलं जातं. आणि सबंध मेल म्हणजेच एक चित्र असेल, तर ऐकायला काहीच उरत नाही.

इथे एक जुनी सोय उपयोगी पडते. १९९२ मध्ये ठरलेल्या मेलच्या नियमांपासूनच एका मेलमध्ये त्याच मजकुराच्या दोन आवृत्त्या ठेवता येतात, एक सजवलेली आणि एक साधी. थंडरबर्डच्या व्ह्यू मेनूत ‘मेसेज बॉडी ॲज’ मध्ये जाऊन ‘प्लेन टेक्स्ट’ निवडलं की साधी आवृत्ती समोर येते. रोजच्या पत्रव्यवहाराला मी हेच सुचवते. लांब वार्तापत्रं मात्र सजवलेल्या रूपातच वाचावीत, कारण साध्यात हेडिंगं जातात आणि एचने उड्या मारायची सोयही जाते.

वेबमेलबद्दल थोडं. ब्राउझरमध्ये जीमेल वापरताना दोन गोष्टींची टक्कर होते. जीमेलचे स्वतःचे एक-अक्षरी शॉर्टकट आहेत (ते सेटिंगमधून चालू करावे लागतात), आणि ब्राउझ मोडमधली तीच अक्षरं स्क्रीन रीडर स्वतःकडे घेतो. सी दाबून नवा मेल लिहायला जावं तर पान भलतीकडेच उडी मारतं. त्यासाठी एनव्हीडीए की आणि स्पेस दाबून फोकस मोडमध्ये जायचं; मोड बदलल्याचा आवाज येतो. यादीत फोकस मोड, मजकूर वाचताना ब्राउझ मोड, अशी ये-जा करत राहावी लागते. पूर्वी अनेक अंध लोक जीमेलची साधी एचटीएमएल आवृत्ती वापरून हा प्रश्नच टाळत. गूगलने ती २०२४ मध्ये बंद केली. तेव्हापासून मी तर सरळ सांगते की रोजच्या कामाला खातं प्रोग्रामला जोडा आणि वेबमेल अडीअडचणीला ठेवा. आयमॅप पद्धतीने खातं जोडलं की मेल सर्व्हरवरच राहतात; इथे वाचलेला मेल फोनवरही वाचलेला दिसतो.

लिहिताना आणि पाठवताना

कंट्रोल आणि आर म्हणजे उत्तर, त्यात शिफ्ट घातलं की सगळ्यांना उत्तर, हे थंडरबर्ड आणि आउटलुक दोन्हींत सारखं. पुढे पाठवायला थंडरबर्डमध्ये कंट्रोल आणि एल, जुन्या आउटलुकमध्ये कंट्रोल आणि एफ. ही शेवटची कळ लक्षात ठेवण्यासारखी, कारण इतर बहुतेक प्रोग्राममध्ये तीच ‘शोधा’साठी असते. मेलमध्ये शब्द शोधायला जावं आणि फॉरवर्डची खिडकी उघडावी, हे हमखास होतं.

पत्ता लिहिताना दोन-तीन अक्षरांतच प्रोग्राम पूर्ण नाव सुचवतो. ते नाव पूर्ण ऐकल्याशिवाय टॅब दाबू नका. एकाच नावाचे दोन लोक असतील तर पहिलं नाव ऐकून पुढे गेलेला हात हमखास चुकतो. पाठवण्याआधीची तपासणी मी अशी शिकवते: मजकुरातून शिफ्ट आणि टॅब दाबत मागे जायचं, विषय ऐकायचा, मग पत्त्यांच्या चौकटीत डाव्या ॲरोने एकेक पत्ता ऐकायचा. सगळ्यांना चाललंय की एकालाच, ते इथे कळतं. मगच कंट्रोल आणि एंटर.

टाइप करताना प्रत्येक अक्षर बोललं जावं की पूर्ण शब्द, हे एनव्हीडीए की आणि २, एनव्हीडीए की आणि ३ यांनी बदलता येतं. मराठी लिहिताना अक्षरं बंद आणि शब्द चालू ठेवलेले बरे. मात्रा आणि हलन्त वेगवेगळे ऐकत बसलं तर वाक्याचा धागा सुटतो. मात्र शुद्धलेखन कानाने तपासता येत नाही. ‘दिन’ आणि ‘दीन’ यांतला फरक कृत्रिम आवाजात जेमतेम लागतो. नाव, पत्ता, महत्त्वाचा शब्द असेल तर त्यावर परत जाऊन अक्षर-अक्षर ऐकायचं. ब्रेल डिस्प्ले असेल तर हे काम बोटाखाली फार लवकर होतं, आणि ईमेल पत्त्यातला टिंब आणि आडवी रेघही निसटत नाही.

भाषेची आणखी एक अडचण. मेलमधला मजकूर कोणत्या भाषेत आहे याची खूण बहुतेक वेळा नसते. इंग्रजी आवाज चालू असताना मराठी मेल उघडला तर तो कसाबसा वाचला जातो किंवा अक्षरंच गाळली जातात. एनव्हीडीएसोबत येणाऱ्या ईस्पीकमध्ये मराठी आवाज आहे. कानाला कोरडा वाटतो, पण मराठी असो की इंग्रजी, काही गाळत नाही. जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टाइप केलेली देवनागरी मात्र कोणताच आवाज वाचू शकत नाही, कारण पडद्यावर मराठी दिसत असली तरी आत रोमन अक्षरं आणि चिन्हंच साठवलेली असतात. असा मजकूर पाठवणाऱ्याकडून युनिकोडमध्ये परत मागवावा. मागायला संकोच वाटू देऊ नये.

लिंक आणि अटॅचमेंट

फसव्या मेलचा धोका सगळ्यांनाच आहे, पण आमच्याकडे त्याचं रूप जरा वेगळं. नकली लोगो आम्हाला भुलवत नाही. उलट, पत्त्यातल्या एका अक्षराची अदलाबदल आवाजात सहज निसटते, आणि स्क्रीन रीडर लिंकचा दिसणारा मजकूर वाचतो, ती कुठे नेते ते आपणहून सांगत नाही. डोळस माणूस माउस लिंकवर नेऊन पत्ता बघतो. त्याच्या बरोबरीची कळ एनव्हीडीएमध्ये २०२३ साली आली: लिंकवर असताना एनव्हीडीए की आणि के दाबलं की खरा पत्ता ऐकू येतो, दोनदा दाबलं की तो वेगळ्या खिडकीत उघडतो आणि तिथे अक्षर-अक्षर तपासता येतो. पैशाशी किंवा पासवर्डशी संबंध असलेल्या कुठल्याही मेलमध्ये ही कळ दाबल्याशिवाय एंटर दाबायचं नाही, असं मी शिकणाऱ्यांकडून घोटून घेते.

अटॅचमेंटमध्ये सगळ्यात जास्त डोकेदुखी स्कॅन केलेल्या पीडीएफची. ती उघडते, पण आत मजकूर नसतो, कागदाचा फोटो असतो. विंडोज १० पासून एनव्हीडीए की आणि आर दाबून त्यातली अक्षरं ओळखून घेता येतात. छापील, सरळ पान असेल तर निकाल बरा येतो; शिक्के, हस्ताक्षर, तिरका फोटो असेल तर त्यावर विसंबू नये.

फोनवर हे सगळं बोटांनी होतं. उजवीकडे बोट फिरवलं की पुढची गोष्ट, डावीकडे फिरवलं की मागची, दोनदा टिचकी मारली की उघडते. आयफोनच्या मेलमध्ये यादीतल्या ओळीवर बोट वर-खाली फिरवलं की पुसा, खूण करा असे पर्याय ऐकू येतात. चटकन बघायला, पुसायला फोन उत्तम. लांब उत्तर लिहायला कळफलकच हवा.

आता या सगळ्या मेलच्या दुसऱ्या टोकाला असलेल्यांसाठी. तुमच्या ओळखीत कुणी स्क्रीन रीडर वापरत असेल तर विषयाच्या ओळीत कामाचे शब्द आधी लिहा. ‘बैठक आता शुक्रवारी’ ही ओळ ‘आपल्या माहितीसाठी एक महत्त्वाची सूचना’ यापेक्षा कितीतरी वेळ वाचवते. उत्तर देताना नवा मजकूर सगळ्यात वर ठेवा आणि खालचा जुना पत्रव्यवहार लागतो तेवढाच राहू द्या. साध्या मजकुरात जुन्या प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला असलेलं चिन्ह काही सेटिंगमध्ये ‘ग्रेटर’ असं वाचलं जातं, आणि चार वेळा उत्तर-प्रत्युत्तर झालेल्या मेलमध्ये ते ओळीगणिक चार वेळा ऐकावं लागतं. आमंत्रणाचं चित्र पाठवत असाल तर त्यातली तारीख, वेळ, जागा मेलच्या मजकुरातही टाइप करा. अटॅचमेंटला ‘स्कॅन००१’ ऐवजी आत काय आहे ते सांगणारं नाव द्या, आणि मूळ वर्ड फाइल हाताशी असेल तर स्कॅनऐवजी तीच जोडा.